गोरखेडच्या राजांचा आठवा खड्डा

मंगळवारी सकाळी गोरखेडला जी रांग लागायची, ती राजांच्या तळघरापासून सुरू होऊन शाळेचं कंपाउंड ओलांडून जायची. डोणगावचे व्यापारी, बीबी गावाकडच्या बायका, शेगावचं दर्शन आटोपून 'आता निघालोच आहोत तर' म्हणून वळवलेल्या जीपगाड्या. ऊन, धूळ, भजी, भोंगा. आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकच हवं होतं : बेशुद्ध पडणं.

ते मिळायचंही. पायऱ्या उतरून खाली जायचं, गुडघाभर उंचीचा दगडी उंबरा ओलांडायचा, आत पहिल्या राजांच्या समाधीपुढे साष्टांग दंडवत घालायचा. नाक फरशीला टेकवून चार श्वास घेतले की माणूस गार. मग भगवे टी-शर्ट घातलेले दोन सेवेकरी त्याला काखेत धरून उचलायचे, वर आणून लिंबाच्या झाडाखाली टाकायचे. थोड्या वेळानं तो डोळे उघडायचा आणि रडायला लागायचा.

"राजानं पोटाशी घेतलं वो माय!"

डोकं दुखायचं. ते प्रसाद म्हणून घरी न्यायचं.

जे नुसते उभ्यानं हात जोडायचे, त्यांना काहीच व्हायचं नाही. त्यावर भुयारनाथ महाराज माइकवरून म्हणायचे, "अहंकार! ताठ मानेला राजे भेटत नाहीत!" मग तोच माणूस शरमून पुन्हा रांगेत लागायचा, आडवा व्हायचा आणि अहंकार सोडून बेशुद्ध पडायचा.

दुसरा चमत्कार दिव्याचा. महाराज हातात पेटती समई घेऊन आत जात. हातात ती नीट जळे. राजांच्या पायाशी ठेवली की वारा नाही, फुंकर नाही, फट्‌दिशी विझे. "राजे ज्योत प्याले!" भोंगा सांगे. महाराज समई उचलून पुन्हा पेटवत. राजे पुन्हा पीत. आमचे राजे जिवंतपणीही कशाला नाही म्हणत नसत.

आमचे म्हणजे खरोखर आमचे. तळघरात जे सात जण बसलेत, ते माझे पूर्वज. बसलेत हे मी आदरानं म्हणत नाही. आमच्या मूळपुरुषानं एका नाथपंथी साधूची दीक्षा घेतली, तेव्हापासून घराण्यात कोणाला जाळायचं नाही, मांडी घालून, बसवून पुरायचं, अशी रीत पडली. म्हणून हे तळघर.

महाराज माइकवरून त्यांचा इतिहास सांगायचे. "पहिले राजे शीर तुटल्यावरही आठवडाभर लढले! दुसऱ्या राजांनी संतापानं समुद्र आटवला!" गोरखेडहून समुद्र बराच लांब आहे. म्हणजे ते एवढ्या लांब संताप टिकवून गेले, आटवला, आणि परत आले.

आमच्या घरात इतिहास वेगळा होता. तीन गावांची जहागीर, तिला लोक प्रेमानं राज्य म्हणत. दुसरे राजे घोड्यावरून पडून गेले. घोडा उभा होता. तिसरे आणि चौथे सख्खे भाऊ, आयुष्यभर एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणून त्यांना शेजारी शेजारी बसवलं. पाचवे लढाईला निघाले, पण पोचेपर्यंत तह झाला होता. सहावे कीर्तनात बसल्या बसल्या गेले आणि कीर्तन फार रंगल्यामुळे आरतीपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. सातव्यांच्या काळात जहागीर गेली. करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी पुढच्याची सोय म्हणून आठवा खड्डा खोदून ठेवला. तो रिकामाच राहिला, कारण माझे आजोबा जाताना म्हणाले, "मले जाळा बे. जिंदगीभर बसूनच होतो."

मग उरले माझे वडील, हिंमतराव, म्हणजे आमचे अण्णा. त्यांची पिठाची गिरणी. चाळीस वर्षं गाव त्यांना 'चक्कीवाले' म्हणत आलं. राजघराण्याची एकच वस्तू त्यांच्याकडे होती, तळघराची किल्ली. आणि मी हर्षल. डोणगावला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. राजपुत्राला शोभेल असं एवढंच की, मी गिऱ्हाइकांना वाट पाहायला लावतो.

महाराज गावात आले, त्यांनी तळघराशेजारची पडकी खोली साधनेसाठी मागितली आणि अण्णांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाले, "राजे!"

झालं. चाळीस वर्षांचं पीठ एका शब्दात झटकलं गेलं. अण्णा घरातही फेटा बांधून बसू लागले. आई म्हणाली, "अजी, राजे, गॅस संपला." तर म्हणाले, "प्रधानाले सांग." प्रधान म्हणजे मी.

आता तळघराची एक जुनी रीत सांगायला हवी. दार उघडलं की माणसानं आधी आत जायचं नाही. आधी कोंबडं सोडायचं. ते कोंबडं देण्याचा मान तानाबाईंच्या घराकडे. कोंबडं आत फिरून बाहेर आलं तर राजे खूश, चला. कोंबडं पडलं तर राजे नाराज. दार लावायचं आणि आठवडाभरानं पुन्हा विचारायचं. महाराजांनी आल्या आल्या ही रीत बंद केली. "राजे आता शाकाहारी झालेत," असं जाहीर केलं. कोंबड्याऐवजी नारळ ठेवायला सुरुवात झाली. अहिंसेच्या दृष्टीनं ही सुधारणाच होती. पण नारळ बेशुद्ध पडत नाही.

मग एका मंगळवारी भोंग्यावरून घोषणा झाली. येत्या अमावास्येला भर दुपारी हिंमतराव राजे आठव्या आसनावर बसतील. दार लावलं जाईल. वर आरत्या होतील, खाली साती पूर्वज त्यांच्या अंगात येतील. याला 'राजयोगशयन' म्हणायचं. बसायचं असूनही शयन का, हे कोणी विचारलं नाही. आणि बाहेर आल्यावर राजे किल्ली कायमची महाराजांच्या चरणी ठेवतील.

"अण्णा," मी म्हणालो, "जिवंतपणी समाधीच्या खड्ड्यात कोन बसते?"

"मी बसतो."

"काऊन पन?"

अण्णा फेटा सारखा करत म्हणाले, "तुले काय समजते बे? काल सरपंच माह्या पाया पडला. ज्यानं माह्यावर पीठ ओलं दिलं म्हनून केस केलती, तो पाया पडला. आता मी नाही म्हनू?"

मी गावाकडे पाहिलं. मांडव टाकून झाला होता. बॅनरवर अण्णांचा फोटो होता, मागे सिंह. 'नाही' हा शब्द ठेवायला गावात कुठं जागाच उरली नव्हती. अण्णा तळघरात जायच्या आधीच कोंडले गेले होते. शिवाय मला युवराज म्हणून चवरी ढाळायला आत जायचं होतं. चवरी नायलॉनची होती.

आदल्या दिवशी शाइस्ता मॅडम दुकानात आल्या. डोणगावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात. गावातली अर्धी पोरं त्यांच्या हाताखालून गेलीत, मीही गेलोय. फोनची काच बदलायची होती.

"हर्षल, एक सांग. जे दंडवत घालतात तेच पडतात ना? उभे राहणारे नाही?"

"हाव. त्याईले अहंकार असते."

"दिवा खाली ठेवला की विझतो, हातात जळतो?"

"राजे बुटके होते, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. दहावीतही हसायच्या नाहीत. पर्समधून त्यांनी काडेपेटी काढली. "ही खिशात ठेव. आत गेल्यावर एक काडी तोंडाशी पेटव, एक कमरेशी, एक गुडघ्याशी. जिथं विझेल, त्याच्या खाली नाक न्यायचं नाही. आणि कुछ भी हो, बैठना मत. समजलं?"

"अन् अण्णा बसले तर?"

"म्हणूनच मी उद्या येतेय," त्या म्हणाल्या.

अमावास्येच्या दुपारी आम्ही उंबरा ओलांडला. आत धुपाचा इतका धूर की राजे दिसत नव्हते, नुसते जाणवत होते. धुपाच्या मागे एक आंबूस वास होता. अण्णा आठव्या खड्ड्यात उतरले, मांडी घालून बसले. त्यांचा फेटा तेवढा फरशीच्या वर दिसत होता. महाराजांनी त्यांच्या मांडीवर समई ठेवली. ती लगेच विझली.

"शुभ आहे!" असं म्हणून महाराज बाहेर गेले आणि दार लागलं. कडी. मग कुलूप. मग वर डीजेवर आरती.

मी काडी पेटवली. तोंडाशी जळली. कमरेशी जळली. गुडघ्याशी नेली आणि ती विझली नाही, बुडाली. पाण्यात बोट घातल्यासारखी. मी दुसरी पेटवली, तिसरी. प्रत्येक वेळी त्याच जागी. माझ्या गुडघ्यांपर्यंत काहीतरी भरलं होतं, जे दिसत नव्हतं, आणि माझे वडील त्याच्या तळाशी बसले होते.

"अण्णा, उठा."

"राजानं... पूर्वजांपुढे... उठायचं नसते," फेटा म्हणाला. आवाज जड होता.

"अण्णा, हे पूर्वज नाहीत. हवा खराब आहे. उठा!"

"माह्या छातीवर कोनीतरी बसलं रे हर्षल. मोठे राजे असतील."

मोठे राजे कधीच कोणासाठी जागेवरून उठले नव्हते, हे सांगायला वेळ नव्हता. मी दाराकडे धावलो, दोन्ही हातांनी ठोकलं, ओरडलो. वर लोकांनी टाळ्यांचा जोर वाढवला. खिशातून फोन काढला. मोबाइलच्या दुकानदाराला सांगायला लाज वाटते, पण रेंज नव्हती. परत आलो, काडी ओढली. आता ती कमरेशीच बुडाली.

ते वर येत होतं.

मी श्वास रोखला, खड्ड्यात वाकलो, अण्णांना काखेत धरून ओढलं. चक्कीवाला माणूस, अंगानं भरलेला. एकदा सुटले. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा वाकलो. दुसऱ्यांदा फेटा सुटला आणि अण्णा आले. त्यांचे ओठ निळे पडले होते. तळघरात सगळ्यांत उंच जागा म्हणजे पहिल्या राजांचा चौथरा. मी वडिलांना त्यावर चढवलं, मागून मीही चढलो. डोकं छताला लागत होतं. वडिलांना भिंतीशी उभं दाबून धरलं आणि आम्ही मूळपुरुषाच्या डोक्यावर उभे राहिलो. घराण्यासाठी त्यांनी केलेली ही पहिलीच मदत.

अण्णांनी लांब श्वास घेतला, खोकले आणि डोळे उघडून विचारलं, "आले का अंगात?"

"कोन?"

"साती."

"नाही अण्णा. तुम्हीच जाऊन राह्यले होते त्यायच्याकडे."

मी काडी पेटवली. आता ती मांडीशी विझत होती. म्हणजे चौथऱ्यावरही ते चढलं होतं. अण्णांनी ते पाहिलं. आयुष्यभर पिठात काम केलेला माणूस. हवेत काय उडतं आणि काय बसतं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी माझा हात धरला. फार घट्ट धरला.

वर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. शाइस्ता मॅडमनी महाराजांना दार उघडायला सांगितलं. महाराज माइकवर म्हणाले, "परधर्माच्या बाईनं आमच्या राजांच्या कार्यात बोलू नये!" लोक गुरगुरले. मॅडमनी वाद घातला नाही. त्या सरळ पहिल्या रांगेतल्या तानाबाईंकडे गेल्या.

"मावशी, तुमच्या घराचा मान राहून गेला ना? कोंबड्याचा?"

तानाबाईंच्या मनात हे नारळ आल्यापासून सलत होतं. त्या उठल्याच. "हाव! मी तेच म्हनून राह्यली! सात राजे बसले ते आमचं कोंबडं जाऊन आल्यावर. हा आठवा तसाच बसवला? कुलूप काढा!"

"राजे शाकाहारी..." महाराज म्हणाले.

"त्याईले खायाले कोन सांगते? फिरून येईन ते! आन् ह्या मॅडमले काही बोलू नोका. ह्यायनं माही नात पास केली. तुमी कोनाले पास केलं?"

रीत म्हटल्यावर गावाचा नाइलाज होतो. कोंबडं आलं, कुलूप निघालं, दार उघडलं. उजेड आत आला. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधी कोंबडं उंबऱ्यावर चढलं, ऐटीत आमच्याकडे पाहिलं, आत उडी मारली, दोन पावलं टाकली आणि कलंडलं.

मग कोणीतरी जुना जाणता म्हणाला, "कोंबडं पडलं. राजे नाराज आहेत. दार लावा."

आणि त्यांनी दार लावायला घेतलं.

"अबे, आम्ही आत आहो!" मी किंचाळलो.

"रीत आहे, युवराज!" सेवेकरी कळवळून म्हणाला. "आठ दिवसानं पुन्हा विचारू!"

अर्धं दार लागलं होतं. तेवढ्यात तानाबाईंनी त्यात काठी घातली. "कोंबडं पडलं तर कोनी आत जाऊ नये, अशी रीत आहे, भाड्या! आतल्यानं बाहेर येऊ नये असं कोन म्हनलं?"

जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा नवा होता, पण शास्त्राला धरून होता. दार उघडलं. मी अण्णांना खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं कोंबडं उचललं, उभ्यानं चालत उंबरा ओलांडला. लिंबाखाली पोचलो आणि दोघांनाही खाली ठेवलं. कोंबडं थोड्या वेळानं उठलं, आणि त्यानं सेवेकऱ्याच्या पायाला चोच मारली. त्याला काही पोटाशी घेतल्यासारखं वाटलेलं दिसत नव्हतं.

महाराज माइककडे धावले. "भक्तहो! राजांनी आपल्या वंशजाला परत पाठवलं!"

"एक मिनिट," शाइस्ता मॅडम म्हणाल्या. "हर्षल, बादली आण. दोरी बांध. उंबऱ्याबाहेर उभा राहून आत फरशीवर सोड. आणि ओढ हळूच, सांडू नकोस."

मी बादली ओढून आणली. ती रिकामी होती. रांगेतल्या लोकांना दाखवली. सगळ्यांनी आत डोकावायला मान पुढे केली, मॅडमनी त्यांना मागे लोटलं. मांडवात आरतीसाठी पणत्या ओळीनं जळत होत्या. मॅडमनी बादली हळूच तिरपी केली, जणू पाणी ओततायत. त्या रिकाम्या बादलीतून काहीच सांडलं नाही, आणि पणत्या एकामागून एक विझत गेल्या.

कोणीतरी हात जोडायला सुरुवात केली.

"हात खाली!" मॅडम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. अर्ध्या गावाचे हात खाली गेले. सगळे त्यांचेच विद्यार्थी. "हा राजा नाही. कार्बन डायऑक्साइड आहे. हवेपेक्षा जड. दिसत नाही, पण पाण्यासारखा खाली साचतो. दार उघडं असलं की उंबऱ्याच्या वरचा वाहून जातो, उंबऱ्याच्या आतला टाक्यासारखा भरून राहतो. जो उभा आहे त्याचं नाक वर, त्याला काही होत नाही. जो आडवा पडतो तो त्यात बुडतो. दिवा खाली ठेवा, तोही बुडतो. आणि आज दार लावलं, म्हणून टाकं भरत वर गेलं. ज्वारीच्या पेवात उतरायच्या आधी तुमचे आजोबा कंदील सोडायचे ना? तसंच बंद तळघरातली हवा तपासायला राजांनी कोंबडं ठेवलं. ही तपासणी होती, बळी नव्हता."

"पन हे येते कुठून?" तानाबाईंनी विचारलं.

मॅडमनी साधनेच्या खोलीकडे पाहिलं. महाराज दारात आडवे झाले. "तिथं माझी तपश्चर्या आहे!" तपश्चर्या निळ्या ड्रमांत होती. ओळीनं ठेवलेले ड्रम, दारूसाठी आंबत घातलेला मोहफुलाचा सडवा, वर फेस बुडबुडत होता. हातभट्टीचा सगळा संसार. तळघराच्या भिंतीला पायथ्याशी पाण्याच्या निचऱ्याची जुनी भोकं होती. सडव्याचा वायू त्यातून राजांकडे वाहत होता. पुढच्या लग्नसराईसाठी महाराजांनी ड्रम दुप्पट केले होते. किल्ली हवी होती ती भट्टीला आडोसा कायमचा मिळावा म्हणून.

"मले वाटलं, वासानं लोकायले झिंग येते!" महाराजांच्या तोंडून निघालं. पहिल्यांदाच त्यांची भाषा आमच्यासारखी झाली. "मले काय माहीत मानूस मरते म्हनून!"

खरं बोलत असावेत. लबाड माणूस भयंकर असतोच. पण ज्याला आपली लबाडी कशी चालते हेच माहीत नसतं, तो माझ्या वडिलांना खड्ड्यात बसवून बाहेरून कुलूप लावतो.

पोलिसांना फोन गेला. सेवेकऱ्यांनी भगवे टी-शर्ट उलटे करून घातले. आतून त्यावर एका बियाणे कंपनीची जाहिरात होती. गर्दी मात्र हलत नव्हती. लिंबाखाली एक बाई बसून होती, बीबीकडची, रुखमाबाई. दर मंगळवारी यायची. ती म्हणाली, "मॅडम, माहा पोरगा गेल्या साली गेला. मी इथं पडली की तो मले दिसे. ते बी खोटं होतं का?"

मॅडम तिच्याजवळ बसल्या. "पोराची आठवण खरी आहे, ताई. डोक्याला हवा कमी पडली की जे मनात असतं ते दिसतं. पण सेवेकऱ्यांनी एखाद्या दिवशी उचलायला उशीर केला असता, तर तुमच्या घरी दुसरं मरण झालं असतं."

रुखमाबाई पदर तोंडाला लावून बसून राहिली. मग अण्णा उठले. फेटा आतच राहिला होता, डोक्यावर पांढरे विरळ केस उभे होते. ओठ अजून निळसर होते. त्यांनी माइक हातात घेतला आणि तो बंद करून बाजूला ठेवला.

"मले त्यानं राजा म्हनलं," ते म्हणाले. "मले चाळीस वर्सं तेच आइकायचं होतं, म्हनून मी खड्ड्यात बसलो. ह्या बाईले पोरगं पाह्यचं होतं, म्हनून ती आडवी झाली. ज्याले जे पाह्यजे, तेच हे लोक म्हनते, अन् मंग मानूस खाली वाकते. वाकलं की दिसत नाही. माह्यं पोरगं आज उभं होतं म्हनून मी जिवंत आहो." थोडं थांबून म्हणाले, "देवाले माना, नोका मानू, तुमचं तुम्ही पाहा. पन कोनी चमत्कार दाखवला तर पडून पाहू नोका. उभे राहा आन् इचारा. दिवा काऊन इझला? वास कायचा येते? खोलीत काय आहे? इचारल्यानं पाप लागत नाही. मी इचारलं नाही, म्हनून आज मी पोराले घेऊन मरत होतो."

एवढं बोलून ते खाली बसले.

गर्दीत कुजबुज झाली. मग रुखमाबाई उठली. पदर खोचला, माणसांना बाजूला सारत भुयारनाथांसमोर जाऊन उभी राहिली. दर मंगळवारी ती ज्याच्या पायांवर डोकं ठेवत आली होती, त्याच्या डोळ्यांत तिनं सरळ पाहिलं.

"अजी," तिनं विचारलं, "तुमी आत कधी आडवे झाले होते का?"

महाराज एक पाऊल मागे सरकले. पण प्रश्न ऐकून तिच्या मागे रांग लागायला सुरुवात झाली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण उभा होता.